पंजशीरचा सिंह आणि आठ क्षेपणास्त्रे

सप्टेंबर १९९६ मधील एक रात्र. जलालाबाद तालिबानच्या हाती पडून जेमतेम आठवडा झाला होता आणि काबूलवर संकटाचे सावट दाटून आले होते. अशा वेळी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे अधिकारी गॅरी श्रोएन काबूलमध्ये अहमदशाह मसूद यांच्या भेटीला आले. काबूल कसे वाचवावे, याची चर्चा करण्यासाठी ही भेट नव्हती. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेने अफगाण मुजाहिदीनना स्टिंगर क्षेपणास्त्रे वाटली होती. त्यांपैकी सुमारे सहाशेंचा हिशेब लागत नव्हता. ती दहशतवाद्यांच्या हाती पडली तर प्रवासी विमानेही पाडली जातील, या भीतीने अमेरिका आता तीच क्षेपणास्त्रे रोख पैसे मोजून परत विकत घेत होती. मसूद यांच्याकडे किती आहेत, हे त्या अधिकाऱ्याला जाणून घ्यायचे होते.

उत्तर होते आठ. अमेरिकेने वाटलेल्या दोन हजारांच्या घरातील क्षेपणास्त्रांपैकी अवघी आठ मसूद यांच्या वाट्याला आली होती आणि तीही फार उशिरा. सोव्हिएत फौजांना ज्या खोऱ्याने सर्वाधिक झुंजवले, ज्या खोऱ्यावर हेलिकॉप्टरांचे थवेच्या थवे चालून आले, त्या खोऱ्याच्या सेनापतीला हेलिकॉप्टर पाडणारे सर्वांत प्रभावी अस्त्र जवळजवळ मिळालेच नाही. अफगाणिस्तानच्या डोंगरांतील युद्ध कोण लढत होते आणि त्याची सूत्रे कोणाच्या हाती होती, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते. मसूद यांचे चरित्र म्हणजे एका परीने या आकड्याचीच कहाणी आहे.

कर्नलचा मुलगा

अहमदशाह मसूद यांचा जन्म सप्टेंबर १९५३ मध्ये पंजशीर खोऱ्यातील बाजारक परिसरातील जंगलक या गावी झाला. पंजशीर म्हणजे पाच सिंह. वडील दोस्त मोहम्मद खान हे राजे झहीरशाह यांच्या लष्करात कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. बदलीच्या नोकरीमुळे मुलाचे बालपण वेगवेगळ्या गावांत गेले. पुढे काबूलमधील इस्तिकलाल या फ्रेंच मदतीने चालणाऱ्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथे आलेली फ्रेंच भाषा त्यांना अखेरपर्यंत उपयोगी पडली. त्यानंतर अभियांत्रिकी शिकण्यासाठी त्यांनी काबूल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. ही संस्था सोव्हिएत साहाय्याने उभारलेली होती, हा इतिहासाचा एक उपरोधच म्हणावा लागेल.

सत्तरच्या दशकातील काबूलच्या महाविद्यालयांत डावे आणि इस्लामी विचारांचे विद्यार्थी समोरासमोर उभे ठाकले होते. मसूद इस्लामी गटात ओढले गेले. प्राध्यापक बुऱ्हाणुद्दीन रब्बानी यांच्या जमियत-ए-इस्लामी या संघटनेशी त्यांचा संबंध आला. १९७३ मध्ये मोहम्मद दाऊद यांनी राजाला पदच्युत करून सत्ता हाती घेतली आणि इस्लामी गटांची धरपकड सुरू केली. अनेकांनी पाकिस्तानचा आश्रय घेतला. मसूद त्यांपैकीच एक होते. १९७५ मध्ये पाकिस्तानच्या पाठबळावर या तरुणांनी अफगाणिस्तानात उठाव घडवण्याचा प्रयत्न केला. पंजशीरमधील उठावाचे नेतृत्व एकवीस वर्षांच्या मसूद यांच्याकडे होते. तो काही दिवसांतच फसला. ज्यांच्यासाठी शस्त्र उचलले, ते गावकरीच त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत.

या पराभवातून दोन धडे मिळाले. लोकांची साथ नसेल तर बंदुका व्यर्थ आहेत, हा पहिला. शस्त्र पुरवणारा शेजारी स्वतःच्या हिशेबानेच शस्त्र पुरवतो, हा दुसरा. याच सुमारास गुलबुद्दिन हेकमतयार यांच्याशी मसूद यांचे कायमचे वितुष्ट आले. पुढच्या वीस वर्षांत अफगाणिस्तानला या वैराची जबर किंमत मोजावी लागली.

खोरे आणि खिंड

एप्रिल १९७८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. १९७९ च्या उन्हाळ्यात मसूद मोजक्या साथीदारांसह पंजशीरला परतले. सुरुवातीला त्यांनी सरकारी फौजेशी उघड मैदानात दोन हात केले. त्यात ते हरले आणि त्यांच्या पायाला गोळी लागली. त्यानंतर त्यांनी समोरासमोरची लढाई सोडून दिली. माओ आणि चे गव्हेरा यांचे युद्धविषयक लेखन त्यांनी वाचले होते. शत्रू येईल तेव्हा वाट सोडायची, तो थकला की कडेच्या दऱ्यांतून तुटून पडायचे आणि तो परत फिरला की पिछाडी तोडायची, हे तंत्र त्यांनी अवलंबिले. सह्याद्रीच्या कुशीतील वाचकाला या गनिमी काव्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही.

डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि पंजशीरचे महत्त्व एकाएकी वाढले. सोव्हिएत सीमेवरून काबूलकडे येणारा एकमेव मोठा रस्ता हिंदुकुश ओलांडतो तो सालंग खिंडीतून. सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील तेथील बोगदा सोव्हिएत अभियंत्यांनीच बांधला आणि १९६४ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. काबूलमधील फौजेचे इंधन, दारूगोळा आणि धान्य बहुतांशी याच वाटेने येई. पंजशीर खोऱ्याचे तोंड या महामार्गापासून आणि बगरामच्या हवाई तळापासून हाकेच्या अंतरावर आहे. मसूद यांची माणसे रात्री खोऱ्यातून उतरत, इंधनाचे टँकर पेटवत आणि उजाडण्याआधी डोंगरात दिसेनाशी होत. एप्रिल १९८२ मध्ये त्यांनी थेट बगरामवर हल्ला चढवून जमिनीवर उभ्या असलेल्या विमानांचे आणि हेलिकॉप्टरांचे नुकसान केले.

सोव्हिएत सेनापतींना हे सहन होणे शक्य नव्हते. १९८० ते १९८५ या काळात पंजशीरवर नऊ मोठ्या मोहिमा काढण्यात आल्या.

डोंगरातील हेलिकॉप्टर

या मोहिमांचा कणा होता हेलिकॉप्टर. रणगाडे आणि चिलखती गाड्या अरुंद घाटरस्त्यांत अडकून पडत. त्यामुळे एमआय-८ हेलिकॉप्टरमधून सैनिकांना थेट डोंगरमाथ्यावर उतरवायचे आणि एमआय-२४ या लढाऊ हेलिकॉप्टरने वरून अग्निबाणांचा वर्षाव करायचा, अशी पद्धत बसवण्यात आली. मे १९८२ मधील पाचव्या मोहिमेत हजारो सैनिक अशा रीतीने खोऱ्याच्या आतील भागात उतरवले गेले. एमआय-२४ च्या पोटाला आणि वैमानिकाच्या कक्षाला जाड चिलखत होते. साध्या बंदुकीच्या गोळीला ते दाद देत नसे. अफगाण खेड्यांत या यंत्राची दहशत मोठी होती.

परंतु डोंगरात यंत्रालाही मर्यादा पडतात. उंचीवर हवा विरळ होते, उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते आणि पात्यांना पुरेसा उठाव मिळत नाही. पूर्ण भार घेऊन उडणे कठीण होऊन बसते. धूळ इंजिनात शिरते. अरुंद दरीत वळायला जागा नसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेलिकॉप्टरचे चिलखत खालून येणाऱ्या गोळीचा विचार करून बनवलेले होते. पंजशीरमध्ये गोळी वरून येई. मसूद यांच्या माणसांनी १२.७ आणि १४.५ मिलिमीटरच्या जड मशीनगनचे भाग खांद्यांवरून आणि खेचरांवरून कड्यांवर चढवले. खोऱ्यातून जाणारे हेलिकॉप्टर त्यांना खाली दिसे. स्टिंगर येण्यापूर्वी कित्येक वर्षे याच मशीनगनांनी आणि डोंगराच्या उंचीने हेलिकॉप्टरे पाडली.

नऊ वर्षांच्या युद्धात सोव्हिएत लष्कराने अधिकृत आकडेवारीनुसार ३३३ हेलिकॉप्टरे आणि ११८ विमाने गमावली. काही शत्रूच्या माऱ्याने पडली, तर काही विरळ हवा, धूळ आणि कड्यांमुळे झालेल्या अपघातांत नष्ट झाली. त्यांत मेलेले वैमानिकही बहुतेक विशीतिशीतले होते, हे विसरून चालणार नाही. युद्धात १४ हजारांहून अधिक सोव्हिएत सैनिक मृत्युमुखी पडले. अफगाण मृतांची संख्या लाखांत मोजावी लागते.

जानेवारी १९८३ मध्ये एक अघटित घडले. सोव्हिएत लष्करी गुप्तचर विभागाने मसूद यांच्याशी थेट युद्धबंदी केली. परक्या सत्तेने एका खोऱ्याच्या सेनापतीला बरोबरीच्या नात्याने मान्यता दिल्यासारखेच ते होते. पेशावरमध्ये बसलेल्या पुढाऱ्यांनी मसूद यांच्यावर फितुरीचा आरोप केला. मसूद यांनी मात्र मिळालेल्या वर्षभराच्या उसंतीत शेजारच्या प्रांतांत पाय रोवले. उत्तरेकडील अनेक सेनानींना एकत्र आणणारी शुरा-ए-नजर ही संघटना त्यातूनच उभी राहिली. एप्रिल १९८४ मध्ये सातवी मोहीम आली. तिची कुणकुण आधीच लागल्याने मसूद यांनी हजारो कुटुंबांना खोऱ्याबाहेर हलवले. बॉम्ब पडले ते मोकळ्या गावांवर. घरे, बागा आणि पाटबंधारे उद्ध्वस्त झाले. फौज मात्र वाचली. पण पंजशीरच्या माणसांना त्यांचे घर पुढे कित्येक वर्षे पारखे झाले, ही या विजयाची दुसरी बाजू होती.

वाटपाची गुरुकिल्ली

या युद्धात परदेशी पैसा पाण्यासारखा वाहत होता. अमेरिका जेवढी रक्कम देई, तेवढीच सौदी अरेबिया देत असे. शस्त्रे चीन आणि इजिप्त येथून येत. परंतु ही सारी मदत पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेमार्फतच वाटली जाई. पेशावरमधील सात मान्यताप्राप्त पक्षांपैकी कोणाला काय द्यायचे, हे रावळपिंडीत ठरे. सर्वांत मोठा वाटा हेकमतयार यांना मिळे. मसूद ताजिक होते, पाकिस्तानच्या सीमेपासून दूर होते आणि मुख्य म्हणजे कोणाचे ऐकण्यातले नव्हते. १९७५ चा धडा ते विसरले नव्हते. त्यांनी पेशावरला जाऊन मदतीसाठी रांगेत उभे राहणे टाळले. ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांना काही प्रशिक्षण आणि संपर्कयंत्रणा पुरवली. फ्रेंच डॉक्टर खेचरांवरून डोंगर ओलांडून खोऱ्यात येत. उरलेली बरीचशी शस्त्रे मसूद यांनी शत्रूकडूनच हिसकावून घेतली.

२५ सप्टेंबर १९८६ रोजी जलालाबादच्या विमानतळाजवळ पहिले स्टिंगर डागले गेले आणि त्या एकाच हल्ल्यात तीन एमआय-२४ कोसळली. इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणारे, एका माणसाने खांद्यावरून डागण्याचे हे क्षेपणास्त्र होते. सोव्हिएत वैमानिकांना उड्डाणाची रीतच बदलावी लागली. ते खूप उंचावरून किंवा जमिनीला चिकटून उडू लागले, रात्रीच्या अंधाराचा आधार घेऊ लागले आणि क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी वाटेत ज्वाला सोडू लागले. अफगाण युद्ध स्टिंगरने जिंकले, अशी समजूत तेव्हापासून रूढ झाली. इतिहासाचा काटेकोर हिशेब थोडा वेगळा आहे. मार्च १९८५ मध्ये सत्तेवर आलेले गोर्बाचेव्ह पहिले स्टिंगर डागले जाण्यापूर्वीच या युद्धातून बाहेर पडण्याची वाट शोधत होते. शिवाय पंजशीर तर स्टिंगरविनाच लढले आणि टिकले.

१४ एप्रिल १९८८ रोजी जिनिव्हा येथे करार झाला. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरील पूल ओलांडून परतले. मात्र त्याआधी तीनच आठवडे सालंग मार्गालगतच्या वस्त्यांवर सोव्हिएत विमानांनी आणि तोफांनी भडिमार केला होता. परतणाऱ्या फौजेची वाट मसूद यांनी अडवली नव्हती, तरीही हे घडले. त्यात शेकडो नागरिक मरण पावले.

काबूलचा डाग

एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचे सरकार कोसळले आणि मसूद काबूलमध्ये शिरले. ते संरक्षणमंत्री झाले. डोंगरात अजिंक्य ठरलेला हा सेनापती राजधानीत मात्र अपयशी ठरला. हेकमतयार यांनी शहरावर रॉकेटांचा मारा सुरू केला. वेगवेगळे मुजाहिदीन गट एकेका मोहल्ल्यासाठी लढू लागले. सोव्हिएत काळात बव्हंशी शाबूत राहिलेले काबूल आता ढासळू लागले. हजारो नागरिक मेले. फेब्रुवारी १९९३ मध्ये अफशार या हजारा वस्तीत सरकारी आणि मित्र फौजांनी केलेल्या कारवाईत निरपराध नागरिकांच्या हत्या झाल्या, लुटालूट झाली. मानवी हक्क संघटनांनी याची जबाबदारी मसूद यांच्या सेनापतिपदाकडेही बोट दाखवून नोंदवली आहे. पंजशीरमध्ये जो सिंह होता, त्याच्याविषयी काबूलच्या अनेक घरांत वेगळीच आठवण आहे. त्यांचे चरित्र सांगताना हे पान गाळता येत नाही.

याच विध्वंसातून तालिबानचा उदय झाला. पाकिस्तानचा वरदहस्त आता हेकमतयार यांच्यावरून तालिबानवर सरकला. श्रोएन यांच्या त्या भेटीनंतर आठवडाभरातच, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, मसूद यांनी काबूल सोडण्याचा आदेश दिला आणि फौजेसह ते पुन्हा पंजशीरमध्ये शिरले. भारताने त्याच दिवशी काबूलमधील आपला दूतावास बंद केला. रब्बानी यांच्या सरकारला असलेली मान्यता मात्र कायम ठेवली.

फिरलेले पारडे

पुढची पाच वर्षे मसूद देशाच्या एका कोपऱ्यात पाय रोवून उभे राहिले. या काळात मित्र आणि शत्रू यांची अदलाबदल झाली. ज्या रशियाची हेलिकॉप्टरे त्यांनी पाडली होती, तोच रशिया त्यांना शस्त्रे विकू लागला. इराण मदतीला आला. तालिबानच्या वाढत्या बळाची झळ भारतालाही बसत होती. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे अपहृत विमान कंदाहारला नेण्यात आले, तेव्हा ती सर्वांना जाणवली. भारताने ताजिकिस्तानमार्गे मसूद यांच्या फौजेला वैद्यकीय साहाय्य आणि हेलिकॉप्टरांसाठी साह्य पुरवले.

खांद्यावरून डागण्याच्या क्षेपणास्त्रांचा कटू अनुभवही भारताने त्याच वर्षी घेतला होता. कारगिलच्या युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगच्या परिसरात हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर अशाच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि चार जण हुतात्मा झाले. अफगाण डोंगरांत सोव्हिएत वैमानिकांना मिळालेला धडा हिमालयात पुन्हा गिरवला गेला.

आता हेलिकॉप्टर ही मसूद यांचीच जीवनवाहिनी झाली होती. जुनी, डागडुजी केलेली मोजकी एमआय-१७ हेलिकॉप्टरे ताजिकिस्तान आणि पंजशीर यांना जोडत. ओसामा बिन लादेनच्या शोधात सीआयएची पथके १९९९ पासून पुन्हा पंजशीरला येऊ लागली, तेव्हा या हेलिकॉप्टरांची अवस्था पाहून त्यांचे तंत्रज्ञ थक्क झाले. एका एमआय-१७ ला चक्क एमआय-२४ चे इंजिन बसवण्यात आले होते. ज्या यंत्राच्या दहशतीखाली या खोऱ्याने एक दशक काढले, त्याच यंत्राच्या अवयवांवर खोरे आता जगत होते.

एप्रिल २००१ मध्ये युरोपीय संसदेच्या अध्यक्षा निकोल फाँतेन यांच्या निमंत्रणावरून मसूद स्ट्रासबर्गला गेले. पाकिस्तानने तालिबानला दिलेला आधार काढून घ्यावा यासाठी दबाव आणा आणि अल-कायदाचा धोका केवळ अफगाणिस्तानपुरता राहणार नाही हे ओळखा, असे त्यांनी तेथे बजावले. सन्मान भरपूर झाला. ठोस मदत फारशी आली नाही.

९ सप्टेंबर २००१ रोजी तखार प्रांतातील ख्वाजा बहाउद्दीन येथे पत्रकार असल्याचे भासवणाऱ्या दोन अरबांनी मुलाखतीच्या वेळी कॅमेऱ्यात दडवलेल्या बॉम्बचा स्फोट केला. मसूद यांच्या शेजारी बसलेले मसूद खलिली गंभीर जखमी झाले. ते त्या वेळी भारतातील अफगाण राजदूत होते. मसूद यांना हेलिकॉप्टरने सीमेपलीकडील फारखोर येथे नेण्यात आले, पण ते वाचले नाहीत. फौजेचा धीर खचू नये म्हणून त्यांच्या मृत्यूची बातमी काही दिवस दडवून ठेवण्यात आली. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. त्या वेळी मसूद यांचे वय ४८ वर्षांचे होते.

२६ सप्टेंबर २००१ रोजी सीआयएचे एक पथक पंजशीरमध्ये उतरले. सोबत लाखो डॉलर होते आणि प्रमुख होते तेच गॅरी श्रोएन. पाच वर्षांपूर्वी आठ क्षेपणास्त्रांची चौकशी करायला आलेला हा अधिकारी आता मसूद यांच्या फौजेची साथ मागायला आला होता. तो आला तेही एका रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरमधून. ज्याला भेटायला हवे होते, तो सेनापती दहा दिवसांपूर्वीच सरिचाच्या टेकडीवर चिरविश्रांती घेत होता.

त्यानंतर अमेरिकी फौजा वीस वर्षे राहिल्या आणि ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री शेवटचा सैनिक काबूलहून निघून गेला. पुढच्याच आठवड्यात तालिबानने पंजशीरवर ताबा मिळवल्याची घोषणा केली. सोव्हिएतांच्या नऊ मोहिमांना आणि पहिल्या तालिबानी राजवटीला दाद न दिलेले खोरे तेव्हा पडले. मसूद यांचे पुत्र अहमद यांनी प्रतिकाराचा झेंडा उचलला, पण या वेळी बाहेरून मदतीला कोणीच आले नाही.

डोंगरातील युद्धात परदेशी येतात ते आपल्या गरजेने आणि जातात तेही आपल्या गरजेने. पंजशीरच्या नदीकाठी सोव्हिएत रणगाड्यांचे सांगाडे कित्येक वर्षे गंजत पडले होते. त्यांच्याकडे पाहत मोठ्या झालेल्या पिढ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मसूद यांनी ते बावीसाव्या वर्षीच ओळखले होते. तरीही त्यांना आयुष्यभर कोणा ना कोणाच्या मदतीची वाट पाहावी लागली आणि हीच त्यांची खरी शोकांतिका ठरली.